पाच गोळ्या, सहाशे मीटर

६ सप्टेंबर १९९६, शुक्रवार

नको तिथे तोंड उघडलं आज.

खालच्या मजल्यावरचे आमचे घरमालक नझीरभाई — मूळ बलुची, पण जन्म इथलाच, मनामाशेजारच्या बुसैतीनचा — शूटिंग क्लबची रेंज सांभाळतात. महमुदाभाभींना कोथिंबीर द्यायला खाली गेले तर भाई अंगणात काडतुसांचा खोका पुढ्यात घेऊन बसलेले. कपाळाला आठ्या. म्हणाले, परदेशातून मागवलेली मॅचची काडतुसं आहेत, आणि सहाशे मीटरवर एक गोळी वर जाते, एक खाली. मी एक उचललं. बोटांत फिरवलं. दुसरं उचललं. आणि बोलून गेले, "भाईजान, इनकी गोली एक जैसी नहीं बैठी. ये वाली ज़्यादा अंदर है."

त्यांनी मोजपट्टी आणून मोजलं. मग माझ्याकडे वळले. "आपको कैसे मालूम?"

सांगावं लागलं. भुसावळजवळच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सात वर्षं तपासणी खात्यात होते. काडतुसं गेजमधून काढायची, वजन करायचं, वाकडं ते बाजूला. बोटांना सवय झाली ती झालीच. लग्न झालं, दोन वर्षं नवरा इकडे आणि मी तिकडे, शेवटी गेल्या वर्षी पक्की नोकरी सोडून उज्ज्वलकडे आले. इथल्या कार्डावर 'हाउसवाइफ' आहे.

भाई म्हणाले, क्लबचा इंग्रज आर्मरर, म्हणजे बंदुका-काडतुसं बघणारा, जूनमध्ये कायमचा मायदेशी गेला. त्याचं काडतुसं भरायचं यंत्र, दारूचे डबे, सगळं खोलीत तसंच आहे. फेब्रुवारीत आखातातल्या क्लबांची स्पर्धा. गेली दोन वर्षं आपण तळाला. यंदाही तसंच झालं तर कमिटी लांब पल्ल्याची रेंज बंद करणार, तिथे मातीच्या तबकड्या हवेत उडवून फोडायचा खेळ आणणार. "एक बार आके देख लीजिए, बहेन."

घरी विचारते म्हटलं.

७ सप्टेंबर

विचारलं. उज्ज्वल म्हणाला, "तुझा व्हिसा बायकोचा आहे. उद्या कुणी विचारलं, ही बाई बंदुकांच्या खोलीत काय करते, तर यार्डात मला बोलावतील." हिद्दच्या जहाज दुरुस्ती यार्डात तो वेल्डिंग इन्स्पेक्टर. कागद नीट असल्याशिवाय एक सांधा पास करत नाही. त्याचं चूक नाही.

तरी भांडी घासताना मी मनात काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजत होते.

११ सप्टेंबर

नझीरभाई स्वतः वर आले. कमिटीचं पत्र आणि पोलिसांची मंजुरी — मी क्लबची पाहुणी, पगार नाही, काम नझीरभाईंच्या देखरेखीत, एकही काडतूस क्लबबाहेर न्यायचं नाही. उज्ज्वलने दोनदा वाचलं. शिक्का उजेडात धरून पाहिला.

"फक्त शुक्रवारी," म्हणाला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सखीरच्याही पुढे, वाळवंटात आहे रेंज. खोली लहान, एसी खडखडतो, पण इंग्रजाने टेबल असं लावलंय की कुणाचाही हात जागेवर जावा. दारूचा तराजू काचेच्या पेटीत. मी पेटी पुसली. एका वर्षात मी तराजू पाहिला तो फक्त भाजीचा.

रायफल बोल्टची आहे, दर गोळीला हाताने खिट्टी मागेपुढे करायची; माप टू-फोर-थ्री. गोळी करंगळीपेक्षाही बारीक. नेमबाज जासिमसाहेब — बँकेत मोठे अधिकारी, क्लबात यांच्याइतका हात कुणाचा स्थिर नाही. मला बघून नझीरभाईंशी अरबीत बोलले. 'हिंदिया' एवढं कळलं. सूरही कळला.

त्यांनी विकतच्या काडतुसांनी पाच गोळ्या झाडल्या. नझीरभाईंच्या पिकअपमधून निशाणापर्यंत गेलो, मी पट्टी लावली. आडवी पसरण फार नाही. उभी — चाळीस सेंटिमीटर. हात चांगला आहे, हे त्या कागदावरच दिसत होतं. काडतूस वाईट आहे.

"मॅडम, कॅन यू फिक्स?" जासिमसाहेब म्हणाले.

मी म्हटलं, "आय विल सी." फॅक्टरीतही साहेबांना हेच म्हणायचे.

२० सप्टेंबर

झाडलेल्या दोनशे पुंगळ्या धुतल्या, वजन केल्या. तोंडाची जाडी मोजली. त्रेचाळीस बाजूला काढल्या. नझीरभाई हळहळले — "अच्छी तो दिख रही हैं." दिसायला सगळंच चांगलं दिसतं.

२७ सप्टेंबर

आज पहिली भरणी. पुंगळी पुन्हा मापात आणायची, बुडाला ठिणगी देणारी नवी कॅप बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. प्रत्येक पाचाच्या गटात दारू किंचित वाढवत नेली, बाकी काही बदललं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची — फॅक्टरीतल्या आमच्या चार्जमन बाई हे रोज म्हणायच्या, आम्हाला वीट यायचा.

नझीरभाईंनी इंग्रजाचं वेग मोजायचं यंत्र नळीपुढे लावलं. आकडे वहीत. हात काळे. घरी येताना गाडीत गात होते म्हणे — नझीरभाईंकडून ऐकून महमुदाभाभींनी सांगितलं, नाहीतर मला कळलंही नसतं.

११ ऑक्टोबर

एकतीस सेंटिमीटर. मग सव्वीस. चौथ्या गटाला गोळ्या एकत्र यायला लागतात, सहाव्याला परत पांगतात. म्हणजे जागा मधेच कुठेतरी आहे.

१८ ऑक्टोबर

दारू पक्की. आता गोळी किती आत दाबायची ते. केसभर आत, केसभर बाहेर. जासिमसाहेबांचा धीर सुटत चाललाय. "ऑल धिस फॉर वन हेअर?" मी त्यांना विकतची दोन काडतुसं दिली, म्हटलं बोटांनी फरक सांगा. नाही सांगता आला. मी सांगितला. मग त्यांनी गुपचूप जमिनीवर आडवे होऊन खांद्याला रायफल लावली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तेरा सेंटिमीटर. सहाशे मीटरवर.

आम्ही तिघं कागदासमोर उभे. पाच भोकं, चहाच्या बशीखाली झाकली जातील अशी. नझीरभाईंनी कागदाला हात लावला आणि काढून घेतला, जणू ओला आहे.  परत येताना पिकअपचं दार माझ्यासाठी जासिमसाहेबांनी उघडलं.

घरी आल्यावर उज्ज्वलला सांगितलं. "पाचही?" त्याने विचारलं. "पाचही." "वारा नसेल," म्हणाला. वारा होता.

८ नोव्हेंबर

भांडण. जासिमसाहेबांना अजून वेग हवा — स्पर्धेतल्या मस्कतवाल्यांच्या गोळ्या जास्त जोरात जातात म्हणे. त्यांच्या आग्रहापायी दारू एक पायरी वाढवून तीन काडतुसं करून दिली. दुसऱ्यालाच बोल्ट उघडताना अडकला. पुंगळी हातात घेतली तर कॅप चपटी झालेली. दाब हद्दीला आलाय याची खूण. तिसरं काडतूस मी त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"मॅडम, गिव्ह."

"नो."

"आय ॲम द शूटर."

"तोंड तुमचं आहे," मी हिंदीत म्हटलं. "बोल्ट तुमच्या तोंडापासून चार बोटांवर असतो. मी भरलेल्या काडतुसाने ते फुटलं तर मी कुणाला काय सांगू?"

नझीरभाईंनी अरबीत सांगितलं, जरा सौम्य करून असणार. जासिमसाहेब गाडी काढून निघून गेले.

१५ नोव्हेंबर

आले. खजुराचा डबा टेबलावर ठेवला. "ओल्ड लोड," म्हणाले. "युवर लोड." चौदा सेंटिमीटर.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज रेंज नाही. महापरिनिर्वाण दिन. मनामात वाघमारेंच्या फ्लॅटवर आपली सगळी जमली, वंदना झाली. जेवताना कुणीतरी उज्ज्वलला म्हणालं, "काय तायडे, वहिनी दारू मोजतात म्हणे." सगळे हसले. मीही हसले. दुसरा म्हणाला, "अरबांना गोळ्या भरून देते, आणि पैसेही घेत नाही!" यावर उज्ज्वल हसला नाही.

७ डिसेंबर

कालचं आज बाहेर पडलं. "लोक हसतात, प्रिया." मी म्हटलं, हसू दे. "तुझं काय जातं? यार्डात मला तोंड दाखवायचंय." मी म्हणाले, सात वर्षं मला कुणी हसलं नाही, आणि वर्षभर मी तुझ्या मोज्यांच्या जोड्या लावतेय तेव्हाही कुणी हसलं नाही. जास्त बोलले. तो उठून गच्चीवर गेला.



३ जानेवारी १९९७

नवीन वर्ष. दीडशे पुंगळ्या तयार. स्पर्धा २१ फेब्रुवारीला आहे. नझीरभाईंनी प्रवेशपत्रावर 'काडतुसं कुणी बनवली' या रकान्यात लिहिलंय — पी. तायडे, बुसैतीन. मला दाखवलं आणि पेन खिशाला लावलं.

उज्ज्वलशी बोलणं आहे, पण भाजी-डब्यापुरतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

अडतीस सेंटिमीटर.

तेच काडतूस. तीच रायफल. सकाळी उत्तरेचा गार वारा, अंगात स्वेटर. गोळ्या खाली गेल्या आणि पांगल्या. पुन्हा पाच झाडल्या — पस्तीस. रमझान सुरू होऊन आठवडा झाला, जासिमसाहेबांचा रोजा, ओठ सुकलेले. ते उठले, गुडघे झटकले. "खलास," म्हणाले. रागाने नाही. त्यानेच जास्त लागलं.

नझीरभाई येताना म्हणाले, "इंशाल्ला हो जाएगा." त्यांना स्वतःला पटत नव्हतं. पाच आठवडे राहिले.

१८ जानेवारी

वही पाच वेळा वाचली. पुंगळ्या बरोबर. दारू बरोबर, तराजू तपासला होता. गोळीची खोली बरोबर. माझी चूक कुठे तेच सापडत नाही, आणि चूक माझीच आहे.

१९ जानेवारी

जेवताना उज्ज्वलने विचारलं, "काय झालंय?" सांगायचं नव्हतं. सांगितलं. वही त्याने स्वतः मागून घेतली. घास हातात तसाच ठेवून वाचली.

मग म्हणाला, "सप्टेंबरात किती तापमान होतं?"

"असेल बेचाळीस."

"परवा?"

"पंधरा-सोळा."

"मग? तू एकाच तापमानाला पास केलंयस." त्याने पान माझ्याकडे फिरवलं. "आम्ही थंड समुद्रात जाणाऱ्या जहाजाचा वेल्डचा तुकडा बर्फात घालून तोडून बघतो. उन्हात चांगला असलेला सांधा थंडीत काचेसारखा तुटतो. दारू पण थंडीत हळू जळत असेल ना?"

 सगळं डोळ्यासमोर होतं. मी ऊन धरून काडतूस बनवलं होतं आणि स्पर्धा हिवाळ्यात आहे. फॅक्टरीत गरम-थंडची खोलीच वेगळी होती, ते काम माझ्याकडे कधी आलं नाही — म्हणून सुचलं नाही.

"हे बर्फाचं मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" म्हणाला. मग हसला. डिसेंबरपासून पहिल्यांदा.

२४ जानेवारी, शुक्रवार

उज्ज्वल आला. रेंजवर. पत्रावर त्याचं नाव नव्हतं म्हणून नझीरभाईंनी फाटकावर फोन करून परवानगी काढली, तोवर तो बाहेर उन्हात उभा राहिला, पाऊल आत टाकलं नाही.

दहा काडतुसं क्लबच्या कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये, दहा सावलीत, दहा डब्यात घालून गाडीच्या काचेमागे उन्हात. तासाभराने झाडली. यंत्राचे आकडे उज्ज्वल लिहीत होता — त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. थंड आणि गरम यांच्या वेगात एवढा फरक की नझीरभाईंनी यंत्र बिघडलं म्हणून ठोकलं. यंत्र बिघडलं नव्हतं. ही दारूच हवेबरोबर बदलते.

इंग्रजाच्या कपाटात खालच्या फळीवर वेगळ्या जातीचे दोन डबे आहेत, सील न फोडलेले. मी कधी उघडलेच नव्हते, कारण पहिल्याने काम भागत होतं.

३१ जानेवारी

दुसऱ्या डब्याची दारू. फ्रिज, सावली, काच — तिन्हींचा वेग जवळजवळ एकच. उज्ज्वलने आकडे वाचले, तेव्हा मी त्याला परत वाचायला लावले.

पण आता सगळं पहिल्यापासून. तीन शुक्रवार. नझीरभाईंनी कमिटीकडून बुधवारचीही परवानगी आणली. उज्ज्वलने आठवड्याचा एक दिवस रजा टाकली. "शुक्रवार फक्त," मी त्याला आठवण करून दिली. "यल्ला, चल," म्हणाला.

५ फेब्रुवारी

एकोणतीस. चोवीस.

७ फेब्रुवारी

एकोणीस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ईद झाली. जासिमसाहेब नव्या पांढऱ्या, पायघोळ दिश्दाशात आले आणि तसेच वाळूत पालथे झाले. सकाळी गार असताना पाच, दुपारी तापल्यावर पाच. सकाळचा कागद — अकरा. दुपारचा — साडेअकरा. मी दोन्ही एकावर एक धरून उजेडाकडे केले. भोकात भोक.

जासिमसाहेबांनी कागद मागितला. दिला नाही. म्हटलं, हा उज्ज्वलचा आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पाच क्लब, आमच्याच रेंजवर. प्रशिक्षण घेऊन आलेले नेमबाज, पेट्या भरून सामान. मस्कतवाल्यांचा स्वतःचा आर्मरर. आमचं काडतूस नझीरभाईंच्या जुन्या बिस्किटाच्या डब्यात, पन्नास नग, वर माझ्या हातची चिठ्ठी. वीस गोळ्या प्रत्येकी, सहाशे मीटर, दोनशेपैकी गुण.

सकाळी गारवा. पहिल्या दहांत जासिमसाहेब अठ्ठ्याण्णव, मस्कतचा नेमबाज नव्व्याण्णव. मग दुपार झाली. ऊन तापलं, वारा वळला. मी दुर्बिणीतून बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उज्ज्वल बघत होता आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे.

मस्कतवाल्याच्या गोळ्या वर चढायला लागल्या. उज्ज्वल हळूच म्हणाला, "त्यांची हवेबरोबर हलतेय." आमची हलली नाही. नऊ, दहा, दहा, दहा. नझीरभाई पुटपुटत होते, दुआ की आकडे, कळलं नाही. शेवटच्या गोळीआधी जासिमसाहेबांनी बोल्ट बंद केला, आणि परत उघडला. वारा थांबायची वाट पाहिली. एवढा वेळ की पंचाने घड्याळाकडे बघितलं. मग झाडली.

दहा.

एकशे सत्त्याण्णव. मस्कत एकशे चौऱ्याण्णव.

नझीरभाई खाली वाळूत बसले, टोपी हातात. महमुदाभाभी पलीकडून तंबूतल्या बायकांना मागे टाकून धावत आल्या आणि मला धरलं, त्यांच्या अत्तराचा वास अजून ओढणीला आहे. जासिमसाहेबांनी ढाल घेतली, सरळ माझ्याकडे आले, सगळ्यांदेखत. इंग्लिशमध्ये म्हणाले, "मी घोडा दाबतो फक्त. बाकी सगळं मॅडम." कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, रेंज राहणार.

घरी येताना उज्ज्वल एकदम म्हणाला, "वाघमारेला फोन करतो." रात्री केलाही. "हो, दारू मोजते," त्याला म्हणत होता. "एका केसाचा फरक ओळखते. तू ओळखशील?"

२२ फेब्रुवारी

अकरापर्यंत झोपले.

८ मार्च, शनिवार

नझीरभाईंनी खाली बोलावून फॅक्स दिला. मस्कतच्या क्लबकडून. त्यांचा आर्मरर जूनमध्ये निवृत्त होतोय. काडतुसांच्या खोलीची पूर्ण जबाबदारी, नोकरीचा व्हिसा, माझ्या नावावर. तीन वर्षं. उत्तर महिन्याच्या आत.

तिथेच उभ्याने तीनदा वाचला. पदाच्या जागी 'ॲम्युनिशन टेक्निशियन' लिहिलंय.

उज्ज्वलचं यार्डाशी काँट्रॅक्ट अजून दोन वर्षं आहे, पुढे फोरमनची जागा मिळेल असं त्याला साहेबांनी सांगितलंय. दोघं दोन देशांत पुन्हा राहायचं नाही, हे आमचं ठरलेलं. मी भाईंना म्हटलं, नाही जमणार. उज्ज्वलला सांगू नका. त्याला वाईट वाटेल आणि काही उपयोग नाही. फॅक्स या वहीत घातला.

इथली रेंज आहेच. शुक्रवार आहे. पुष्कळ झालं.

१२ मार्च, बुधवार

उज्ज्वलने आज यार्डात राजीनामा दिला. मला न विचारता. महमुदाभाभींनी त्याला जिन्यातच सांगितलं होतं, शनिवारीच. चार दिवस चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "मस्कतला जहाजं बिघडत नाहीत का?" म्हणाला. "मला कुणीतरी घेईल. नाही घेतलं तर आकडे लिहीन तुझे." मग हात पुढे करून फॅक्स मागितला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला, आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.